वेबसाइट घरी करू की करून घेऊ?

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. पुण्या-मुंबईच्या घरांत आम्ही थेट पेट्या पाठवतो, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. आता नवीन गिऱ्हाईक पहिलं विचारतं, तुमची वेबसाइट नाही का? पुतण्या म्हणतो, काकू पैसे कशाला घालवता, घरच्या घरी होते. कणकवलीच्या एका डिझायनरने २५ हजार सांगितलेत आणि पुढे दरवर्षी ६ हजार. मला कॉम्प्युटर बेतास बात येतो. काय करू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, पैशाचं नंतर बघू, आधी हे सांगा की एप्रिलमध्ये पेटीचा भाव उतरला की तो साइटवर कोण बदलणार? मार्चमधली पेटी आणि मेमधली पेटी यात किती फरक असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दर वेळी डिझायनरला फोन लावायचा, तो नेमका कुठल्यातरी लग्नात, आणि इकडे गिऱ्हाईक जुन्या भावाचा स्क्रीनशॉट दाखवून हुज्जत घालतंय, हे भर सीझनमध्ये परवडत नाही. जिचा भाव तुम्हाला स्वतःला बदलता येत नाही ती साइट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

माझ्या मते तुम्ही यंदा तरी घरीच करा. कारण तुमचं दुकान व्हॉट्सॲपवर चाललेलंच आहे, साइटने फक्त नवीन माणसाला भरवसा द्यायचाय. गूगल साइट्स फुकट आहे आणि तिथे एक पान करायला पुतण्याला पावसाळ्यातले दोन रविवार पुरतील. भावाचा तक्ता गूगल शीटमध्ये ठेवायचा, ती शीट लिंक असलेल्या कुणालाही दिसेल अशी शेअर करायची आणि पानावर जोडून द्यायची, म्हणजे तुम्ही बागेत उभ्या राहून मोबाइलवर आकडा बदललात की साइटवरही बदलतो. खाली एक बटण द्या, दाबलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल असं. झालं. विक्सवरही छान दिसणारं पान होतं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात आणि पत्ताही त्यांचाच, स्वतःचं नाव हवं तर पैसे मोजावे लागतात. आणि यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघून गूगल बिझनेस प्रोफाइलची फुकट वेबसाइट शोधत बसू नका, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. प्रोफाइल मात्र जरूर काढा, मॅपवर दिसता ते त्याच्यामुळेच.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला घरच्या घरी जाऊ नका असं मी सांगेन. ते फुकट आहे हे खरं, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घ्या, प्लगइन (वरून जोडलेल्या छोट्या सोयी) अपडेट करा, बॅकअप ठेवा, हे करायला घरात कुणीतरी लागतं आणि पुतण्याला नोकरी लागली की संपलं.

पानावर काय लिहायचं यात खरी मेहनत आहे आणि ती डिझायनर घेतलात तरी तुमच्याच गळ्यात पडते. पेटीत किती डझन, फळ साधारण किती ग्रॅमचं, कुठल्या शहरात किती दिवसांत पोचतं, आंबा पिकलेला येतो की कच्चा आणि कच्चा आला तर गवतात किती दिवस ठेवायचा. वाटेत फळ दबलं तर काय करणार तेही लिहा, फोटो कधीपर्यंत पाठवायचा, पैसे परत की बदली फळ. हे वाचूनच माणूस पेटी मागवतो हो, वरच्या फिरत्या चित्रांमुळे नाही. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तुमची त्यात अधिकृत नोंदणी असेल तर नंबर ठळक टाका, देवगडच्या नावाखाली बाजारात काय काय खपतं ते सगळ्यांना माहितीय.

दोन बारीक गोष्टी, ज्यात बरेच जण अडकतात. जुन्या पत्रकाचा मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो तसाच चिकटवू नका, साइटवर गिचमिड अक्षरं दिसतील आणि गूगललाही कळणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरांत, करून घ्या, मुक्तासारखा चांगला फॉन्ट फुकट मिळतो. आणि मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोन-तीनशे केबीवर आणा नाहीतर रेंज कमी असली की पान उघडतच नाही.

मग डिझायनर कधी? गिऱ्हाईकाने साइटवरच पैसे भरावेत, पिनकोडप्रमाणे कुरिअरचा खर्च लागावा, पेट्या संपल्या की ऑर्डर आपोआप बंद व्हावी, असं वाटायला लागलं की. तेव्हा पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, येतो, तो साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापतो, म्हणजे दोन हजारांच्या पेटीमागे ४७ रुपये गेले. क्यूआरवर यूपीआयने घेतलं तर ते वाचतात. त्या डिझायनरला सहा हजारांत काय काय येतं ते मात्र लिहून मागा, नुसतं डोमेन (साइटचं नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) आणि होस्टिंग की भाव बदलून देणंही. आणि काहीही ठरो, डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या. वर्षाला काहीशे ते हजारभर रुपयांचा मामला आहे. पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, रिन्यूअलचा दर आधी बघा.

प्रश्न : साइट करून देणारा आता फोन उचलत नाही, डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. काय करता येईल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी डोमेन कुठल्या कंपनीकडून घेतलंय ते हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी इंटरनेटवरची सोय) बघा. नोंदणी तुमच्या नावावर असेल तर त्या कंपनीला ओळखपत्र पाठवून खातं मागता येतं. साइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल तर गोड बोलून ट्रान्सफर कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा पासवर्ड) मिळवायचा, भांडण नंतर. तोवर साइटवरचा मजकूर आणि फोटो उतरवून ठेवा. मुदत संपली म्हणून नाव लगेच जात नाही, काही दिवस जुन्या मालकालाच जास्त पैसे भरून सोडवता येतं, पण जुना मालक म्हणजे इथे तो आहे, तुम्ही नाही. म्हणून मिळतंजुळतं दुसरं नाव आजच घेऊन ठेवा आणि गूगल प्रोफाइलवरची लिंक बदला.