कार्ड घेण्याआधी डबा उघडा

वाचकांचे प्रश्न : संगणक

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: आठ-दहा वर्षांचा गेमिंग संगणक, दमलेलं ग्राफिक्स कार्ड, आणि ‘आता कुठलं घेऊ?’ पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी कार्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस, असा माझा संच आहे. मॉनिटर १०८०पी. एप्रिल लागल्यापासून गेम सुरू केला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी पडते. दुकानदार म्हणतो आरएक्स ६४०० घ्या, मित्र म्हणतो सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घे. काय घेऊ? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आधी काहीच घेऊ नका. डब्याची (कॅबिनेटची) बाजू उघडा आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, अंगावरचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं, त्याकडे पाहू नका. खाली बारीक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे बऱ्याचदा १४ दिसतात. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ६० वॅटचं, वर बोर्ड, डिस्क आणि पंख्यांचे तीसेक. गेममध्ये सगळं एकदम शिगेला पोहोचत नाही, पण बेरीज काठावर येते. त्यात जळगावच्या उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे गेली, की असा एसएमपीएस लेबलावरचा आकडाही देऊ शकत नाही. त्यामुळे काळ्या स्क्रीनचा दोष कार्डाचा नसण्याची शक्यता बरीच आहे.

खात्री करायला ओळखीतला एक चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणा, तोच गेम चालवा. स्क्रीन टिकली तर कार्ड निर्दोष. उलट, संगणक सुरू होताना बोर्डाचा लोगो येतो तेव्हाच आडव्या-उभ्या रेघा किंवा रंगीत ठिपके दिसत असतील, तर कार्डाची मेमरी गेली समजा. त्यावर ओव्हनमध्ये भाजण्याचे जे उपाय इंटरनेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. मधल्या काळात कार्ड काढून मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावा. या प्रोसेसरमध्ये एचडी ४६०० ग्राफिक्स आहे, रोजचं काम अडणार नाही.

आता कार्ड. एच८१ बोर्डाचा लांब स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा असतो. त्यात एका लेनमधून (माहिती वाहून नेणाऱ्या एका मार्गातून) सेकंदाला साधारण अर्धा जीबी जातो. आरएक्स ६४०० दिसायला पूर्ण लांबीचं असलं तरी फक्त ४ लेन वापरतं. म्हणजे तुमच्या बोर्डावर २ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच. ती भरली की उरलेलं टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) या अरुंद बोळातून रॅमवरून आणावं लागतं, आणि खेळताना चित्र ठेचकाळतं. नव्या बोर्डावर हेच कार्ड बरं चालतं, म्हणून दुकानदाराला खोटं ठरवत नाही. पण तुमच्यासाठी ते नाही. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि त्याच्या ताकदीला पुरेल इतकं काम चार कोअर, चार थ्रेडचा तुमचा प्रोसेसर देऊ शकत नाही. हे स्वतःच तपासता येतं: नेहमीच्या गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या तर अडचण कार्डाची. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची, आणि तिथे नवं कार्ड फारसं काही करणार नाही.

आमची निवड आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. ७० वॅट, बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागतं. लेन ८, म्हणजे तुमच्याकडे सेकंदाला ४ जीबी, चालेल. घेताना नावाचा घोळ लक्षात ठेवा: याच नावाचं ८ जीबीचं जुनं कार्ड वेगळं आहे, ते १३० वॅट खातं आणि त्याला पॉवर केबल लागते. ६ जीबीवालं त्याहून हळू आहे, पण तुमच्या डब्यात बसणारं तेच. जुनं १०५० टीआय किंवा १०६० स्वस्तात मिळालं तरी सोडा. त्यांच्या पास्कल पिढीला (आणि तुमच्या ७५० टीआयच्या मॅक्सवेल पिढीलाही) एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून नव्या गेमचे ड्रायव्हर देणं बंद केलंय. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. इंटेलची आर्क कार्डंही टाळा. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि ती चौथ्या पिढीच्या बोर्डांवर नसते.

पैसे थोडे जास्त असतील तर आधी ५५० वॅटचा ब्राँझ प्रमाणपत्राचा एसएमपीएस घ्या आणि मग आरएक्स ६६००. त्याला १३२ वॅट आणि एक ८ पिनची केबल लागते. ही केबल एसएमपीएसचीच हवी. साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगमधून ८ पिन काढून देणारं जोडपट्टं वापरू नका: साटा प्लग ५४ वॅटचा, ८ पिन १५० वॅटची, वितळणार कोण हे उघड आहे. आणि ‘६+२’ लिहिलेली केबल कार्डाची, ‘४+४’ लिहिलेली प्रोसेसरची. दोन्ही आठ पिनच्याच दिसतात, पण धन-ऋण उलट असतात. प्लग जोर लावल्याशिवाय जात नसेल तर थांबा.

कुठलंही कार्ड घेतलंत तरी ८ जीबीची दुसरी डीडीआर३ पट्टी लावा. एकाच पट्टीवर रॅम अर्ध्या रुंदीने चालते. आणि जुनं कार्ड काढायच्या आधी बोर्डाचा बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डातली प्रणाली) अपडेट करा, नंतर स्क्रीनच आली नाही तर अडकाल.

प्रश्न : कार्यालयाच्या लिलावातून डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० चपटा डबा घेतला. मुलाला गेमसाठी कार्ड बसवता येईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : येईल, पण तीन मापं घेऊन. उंची: चपट्या डब्यात फक्त लो-प्रोफाइल कार्ड, आणि सोबत अर्ध्या उंचीची पट्टी मिळतेय का ते विचारा. जाडी: लांब स्लॉटशेजारी एसएमपीएसची भिंत आहे का पाहा. असेल तर दोन स्लॉट जाडीचं कार्ड शिरत नाही, एक स्लॉटचंच शोधावं लागतं. आणि वीज: एसएमपीएस २५५ वॅटचा, कार्डासाठी केबल नाही, म्हणजे ७५ वॅटच्या आतलंच कार्ड. एसएमपीएस बदलू म्हणाल तर त्याची बोर्डाची जोडणी नेहमीच्या २४ पिनची नसून ८ पिनची आहे, आणि बाजारातला एसएमपीएस त्या चपट्या जागेत मावतही नाही. मुलाला पुढे मोठं कार्ड हवं असेल तर हा डबा अभ्यासाला राहू द्या.

प्रश्न : सेकंडहँड कार्ड पाहायला जायचंय. फसवणूक कशी ओळखायची? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन जा. जुन्या चिपवर नवं नाव लिहून विकलेली एनव्हिडिया कार्डं ते ओळखतं आणि नावाआधी इंग्रजीत ‘फेक’ दाखवतं. आरएक्स ५८० असेल तर त्यात शेडरचा (चिपमधल्या गणना करणाऱ्या छोट्या घटकांचा) आकडा वाचा. २३०४ म्हणजे खरं, २०४८ म्हणजे नावाला ५८०, कामाला ५७०. ज्याला मॉनिटरचं एकही पोर्ट नाही ते मायनिंगचं (क्रिप्टो चलन मिळवण्यासाठीचं) कार्ड, स्वस्त असलं तरी नको.

मग कार्ड हातात घ्या. पंख्याचं पातं बोटाने हळूच वर-खाली हलवा. खेळतंय असं वाटलं तर बेअरिंग झिजलंय. मागच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर ते आधी उघडलेलं आहे. यात वाईट असं नाही, पण कशासाठी उघडलं ते विचारा. चिपच्या पाठीमागे बोर्ड तपकिरी झालेला असेल तर बरंच शेकलं गेलंय. शेवटी विक्रेत्याच्याच संगणकावर २० मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) आणि ओसीसीटी या सॉफ्टवेअरची मेमरी चाचणी. चाचणीत एक जरी चूक आली तरी भाव कमी करून घेऊ नका, घेऊच नका. ‘काल काढून ठेवलं, आता लावून दाखवता येणार नाही’ असं म्हणाला तर चहा पिऊन परत या. बिल असेल तर त्यावरचा अनुक्रमांक कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा, वॉरंटी त्यावरच चालते.

प्रश्न : आमचं घर जिनिंगजवळ आहे. कार्ड हिवाळ्यात ६८ अंशांवर असतं, मेमध्ये ८८ वर जातं आणि गेम मंदावतो. कार्ड बदलावं का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : नाही. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. हिवाळ्यात खोली २३-२४ अंश धरली तर कार्ड खोलीपेक्षा ४४-४५ अंश वर चालतं. मेमध्ये खोली ४३ झाली की बेरीज ८८. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही, हवाच तापलीय. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःचा वेग उतरवू लागतात, मंदावणं तिथून येतं.

पण हा ४५ चा फरक कमी करता येतो. पंख्यांच्या पात्यांवरची धूळ सगळे पुसतात. जिनिंगच्या परिसरात खरी अडचण आत असते. कापसाचा बारीक तंतू पंख्यातून आत जातो आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाच्या) पापुद्र्यांच्या तोंडाशी थर धरतो. तो करड्या लोकरीसारखा चिकटतो, वरून दिसत नाही आणि ब्लोअर मारला तर उडण्याऐवजी आत दाबला जातो. म्हणून वीज काढा, कार्ड बाहेर काढा, पंख्याचं आवरण चार-सहा स्क्रू सोडून अलग करा (पंख्याची बारीक वायर आधी सुटी करा, ओढू नका) आणि तो थर चिमट्याने उचला. गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघतो. नंतर रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा. ब्लोअर मारायचाच तर पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं फिरवलं तर बेअरिंगही जातं आणि पंखा उलटी वीजही सोडतो. वॉरंटी संपलेली असेल तरच हीटसिंक उचलून पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता नेणारा लेप) बदला. तेव्हा मेमरीवरचे रबरासारखे पॅड फाटले तर नवे नेमक्या त्याच जाडीचे हवेत. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एकचा बसवला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही.

त्यानंतर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाच्या विजेची मर्यादा) ८० टक्के करा आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम ६० ला बांधा. वेगात फारसा फरक जाणवत नाही, तापमान मात्र सरळ उतरतं. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत डब्यावर सोडू नका. बोअरचं पाणी क्षारांचं, त्याचे तुषार आणि ओलावा पापुद्र्यांवर बसला की तंतू लगद्यासारखा घट्ट होतो. कूलरने खोली गार होऊ द्या, डबा झोताच्या बाहेर ठेवा.

प्रश्न : नवं कार्ड लावल्यापासून गेम सुरू होताच ६०० व्हीएचा यूपीएस किंचाळून बंद पडतो. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. डबा आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या जवळ गेले की कार्डाच्या क्षणिक उसळीला तो पुरत नाही. स्पीकर आणि प्रिंटर त्यावरून काढा. मग वीज असतानाही बंद पडत असेल तर क्षमता कमी, म्हणून किमान १००० व्हीएचा घ्या. फक्त वीज गेल्यावरच पडत असेल तर आधी बॅटरी तपासून घ्या. आणि प्लगचं अर्थिंग पाहा: डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर घरचा अर्थ तुटलेला आहे. ते आधी दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. नव्या कार्डाला कसा लावू? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नव्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे पिना बदलणारी साधी पट्टी चालणार नाही. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. दिशा विचारूनच घ्या, उलट्या दिशेचाही अगदी तसाच दिसतो.