केसांच्या गोळ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट

प्रश्न : माझ्या लेकीचं बाळंतपण होऊन चार महिने झाले. न्हाताना केसांचे पुंजके हातात येतात. पार्लरमधल्या बाईंच्या सांगण्यावरून ती महिनाभर बायोटिनच्या (हे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व) 10,000 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या घेतेय. परवा थायरॉइड तपासलं, तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) अगदी कमी आणि टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त आलं. तिला तसा काहीच त्रास नाही. गोळ्या चालू ठेवू का? त्यांचा फायदा होतो का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी रिपोर्टचं बोलू, कारण घाई तिथे आहे. थायरॉइडच्या औषधाला हात लावण्याआधी लेकीच्या डॉक्टरांना ती बायोटिनची बाटली दाखवा. पुष्कळ लॅबमध्ये ही तपासणी ज्या किटवर होते, त्यात बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात बाहेरून आलेलं भरमसाट बायोटिन असलं की ते किटमधल्या जागा अडवून बसतं आणि आकडे फसवे येतात : टीएसएच खोटं कमी, टी-3 आणि टी-4 खोटं जास्त. कागदावर थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र उभं राहतं आणि पेशंट मात्र ठणठणीत असतो. गोळी बंद करून किमान दोन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा रक्त द्या. डोस मोठा आहे, तेव्हा लॅबने आणखी थांबायला सांगितलं तर थांबा.

पण दुसरा रिपोर्टही तसाच आला, तर तो गंभीरपणे घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला खरोखरची सूज येऊ शकते, आणि तेव्हाही सुरुवातीला टीएसएच कमीच दिसतं. म्हणून फेरतपासणी टाळू नका.

आता केस. गरोदरपणात एरवी गळायचे तेही केस टिकून राहतात. बाळंतपणानंतर संप्रेरकं उतरली की ते एकदम गळू लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ही गळती सर्वांत जास्त दिसते. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात, तेही असेच. अशा वेळी बायोटिन सुरू केलं आणि केस थांबले की श्रेय गोळीला मिळतं. ते तसेही थांबणारच होते.

फायदा होतो, पण ज्यांच्यात कमतरता आहे त्यांना. काही बाळांना जन्मतःच बायोटिन वापरता येत नाही, त्यांच्यासाठी ही गोळी अक्षरशः जीवनदान आहे. फिट्सवरची काही औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही ते कमी पडू शकतं. सहज तुटणाऱ्या नखांवर रोज 2.5 मिलिग्रॅम देऊन गुण आल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. धडधाकट माणसाच्या केसगळतीवर मात्र खात्रीलायक पुरावा नाही. तुमच्या लेकीला दिवसाला लागतं साधारण 35 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत गरजेच्या जवळजवळ 300 पट भरलंय. अंडं, शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाच्या बिया यांतून ते मिळतं. माझ्या मते गोळ्या बंद कराव्यात आणि त्या पैशांत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. आपल्याकडे बाळंतिणीत लोहच कमी सापडतं.

आणि एक, हे घरातल्या सगळ्यांसाठी. हृदयविकाराचा झटका ओळखायला ट्रोपोनिन तपासतात, ते याच गोळ्यांमुळे खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) 2017 साली हा इशारा देताना त्यातून झालेल्या एका मृत्यूची नोंद केली होती. छातीत दुखतंय म्हणून कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर केसांच्या गोळीचंही नाव सांगा.

प्रश्न : मुलगा जिमला जातो. केसांसाठी आणि ताकदीसाठी रोज कच्ची अंडी पितो. चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नको. कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही. महिनोन्‌महिने असं चाललं तर केस आणि कातडी सुधारायच्या ऐवजी बिघडतात. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचे जंतू जाऊन जुलाब लागायची भीती. शिजवलं की ॲव्हिडिनची पकड सुटते. तीच अंडी उकडून द्या, पिवळ्या बलकासकट.