वीस महिने विचारलं, पण परत मागितलं नाही

लालबागचे एक वाचक घरी बसून चार-पाच दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहितात. त्यांचा जुना डेस्कटॉप विंडोजचं चिन्ह दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागला, म्हणून त्यांनी तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दिला. त्याला वीस महिने झाले. दुकानदार आधी म्हणाला, "मदरबोर्ड बघतोय." मग म्हणाला, "मदरबोर्ड बदललाय, साडेचार हजार द्या." आता म्हणतो, "विंडोज नव्याने टाकावी लागेल, डेटाचं सांगता येत नाही." जॉबशीटच्या तळाशी छापलं आहे: "९० दिवसांत माल न नेल्यास दुकान जबाबदार नाही. डेटाची जबाबदारी ग्राहकाची." कॉम्प्युटर मिळेल का, डेटा मिळेल का, आणि ९० दिवस उलटले म्हणजे हक्क गेला का, असं ते विचारतात. हाच प्रश्न कुणी लॅपटॉपचा, कुणी शिलाई मशीनचा म्हणून विचारत असतं.

तुम्ही पाठवलेले सगळे व्हॉट्सॲप मेसेज वाचले. "दादा, झालं का?" "कधी येऊ?" "गणपतीआधी होईल ना?" यातल्या एकाही मेसेजमध्ये "माझा कॉम्प्युटर परत द्या" हे वाक्य नाही. तुमचं प्रकरण इथेच अडलं आहे.

करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६० प्रमाणे, ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम संपलं किंवा ठरलेली मुदत संपली की वस्तू न मागताही परत करावी लागते. तुमच्या जॉबशीटवर परत देण्याची तारीखच नाही. ती लिहून घ्यायला अर्धा मिनिट लागला असता. त्यात "झालं का?" असं विचारत राहून तुम्ही काम चालूच असल्याचं दर महिन्याला स्वतः मान्य केलंत. दुकानदाराचा वकील हेच मेसेज तुमच्यापुढे ठेवेल. उलट तुम्ही स्पष्ट शब्दांत परत मागितलात आणि त्याने दिला नाही, तर कलम १६१ लागू होतं. योग्य वेळी परत न करणं ही त्याची कसूर ठरली, की तिथून पुढे वस्तू हरवली, बिघडली, नष्ट झाली तर तो जबाबदार, मग त्याने काळजी घेतली असो वा नसो. शिवाय मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७० प्रमाणे ठेवायला दिलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षं मागणीनंतरच्या नकारापासून मोजतात. म्हणजे दिवाणी दाव्याचा रस्ता तुमच्यासाठी अजून बंद झालेला नाही.

म्हणून आजच पत्र लिहा. त्यासाठी वकील लागत नाही. जॉबशीटचा क्रमांक आणि तारीख घाला आणि मजकूर एवढाच ठेवा: "मला आता दुरुस्ती नको. माझा सीपीयू, आतल्या मूळ हार्ड डिस्कसह, आहे त्या स्थितीत पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत परत द्यावा. हार्ड डिस्क फॉरमॅट करण्यास किंवा तीवर विंडोज टाकण्यास माझी परवानगी नाही व कधीही नव्हती. मदरबोर्ड बदलला असल्यास जुना मदरबोर्ड व नव्याचं बिल द्यावं." पत्रात राग नको, वीस महिन्यांची कहाणीही नको. स्पीड पोस्टाने नोंदणीसह पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे) आणि त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा. योग्य पत्त्यावर पाठवलेलं पत्र मिळालं असंच सर्वसाधारणपणे धरलं जातं.

९० दिवसांच्या ओळीला घाबरू नका. तिने वस्तू दुकानाच्या मालकीची होत नाही आणि ती विकण्याचा हक्कही मिळत नाही. माल सांभाळण्याची जबाबदारी अशा छापील ओळीने किती कमी होते यावर मतभेद आहेत, त्याबद्दल मी ठामपणे काही सांगणार नाही. पण दुकान स्वतःच "काम चालू आहे" म्हणत होतं, तेव्हा "ग्राहकाने नेलं नाही" असं ते आता म्हणू शकत नाही.

साडेचार हजारांचं काय? करार अधिनियमाच्याच कलम १७० प्रमाणे कारागिराला त्या वस्तूवर केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. तुमच्या जॉबशीटवर मात्र काम "नॉट बूटिंग, चेक करणे" एवढंच लिहिलं आहे. न विचारता बदललेल्या मदरबोर्डसाठी वस्तू अडवणं टिकायला कठीण आहे. तरीही माझा सल्ला आहे की त्याने हट्ट धरला तर पैसे द्या. यूपीआयने द्या आणि "हक्क राखून, निषेधासह" असं मेसेजमध्ये लिहा. साडेचार हजारांसाठी भांडत बसलात तर तेवढे महिने डिस्क त्याच्याच टेबलावर राहील.

ताबा घेतानाची काळजी पत्राइतकीच महत्त्वाची आहे. "चालू करून दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा. विंडोज सुरू होताना डिस्कवर लिहीत असते, आणि पुसलेल्या फाइलींच्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की त्या कायमच्या जातात. कॅबिनेटची बाजूची पत्री तिथेच उघडून घ्या, हार्ड डिस्कवरच्या लेबलाचा सीरियल नंबर वाचता येईल असा फोटो काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. डिस्कच नसेल तर "सीपीयू मिळाला" अशी सही करू नका, "हार्ड डिस्कशिवाय मिळाला" असं लिहा.

घरी आणल्यावरही लगेच सुरू करू नका. डिस्क काढा, साटा-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने आधी तिची पूर्ण प्रत काढा, मग त्या प्रतीवरच शोधाशोध करा. विंडोजने डिस्क "इनिशियलाइज" किंवा "फॉरमॅट" करू का असं विचारलं तर नाही म्हणा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज तोडा आणि डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्या. टॅली ईआरपी ९ चा डेटा पाच आकडी नावाच्या फोल्डरांत असतो आणि आतल्या फाइलींच्या नावाच्या शेवटी ९०० असतं. तो डी ड्राइव्हवर असेल, तर सी वर विंडोज नव्याने टाकली तरी तो बहुधा शाबूत राहतो. फॉरमॅट "क्विक" झालं असेल तर बरंच काही परत मिळू शकतं. व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं, मग आशा नाही.

आणि मूळ बिघाड? एवढ्या जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर २०३२ बॅटरी संपली की बायोसच्या (विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग मूळपदावर जातात. त्यात साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर गेला, तर जुनी विंडोज चिन्ह दाखवून निळा स्क्रीन देते आणि रीस्टार्ट होते. घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात गेलेलं दिसलं होतं का, आठवून पाहा. दिसलं असेल तर मदरबोर्ड का बदलला, हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे विचारण्याजोगा आहे.

डेटा खरंच पुसला असेल तर "डेटाची जबाबदारी ग्राहकाची" ही ओळ दुकानाला थोडा आधार देईल, पण ती पुसण्याची परवानगी नाही. परवानगीशिवाय माहिती नष्ट केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. रक्कम मात्र सिद्ध करावी लागेल. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा ते पुन्हा लिहायला किती तास लागतील याची नोंद दुकानवार आत्तापासून ठेवा.

आता घाई कशाची ते सांगतो. ग्राहक आयोगात तक्रार करायला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं मिळतात आणि ती मुदत पत्राने किंवा नोटिशीने वाढत नाही. तक्रारीचं कारण नेमकं कधी घडलं यावर वाद घालता येतो, पण तो घालायची वेळच आणू नका. कॉम्प्युटर दिल्याच्या तारखेपासून मोजा, म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं कारण द्यावं लागतं आणि "दादा उद्या ये म्हणाले" हे कारण फार दुबळं आहे. तुम्ही या मशीनवर पोट भरता म्हणून "व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक नाही" असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका असणाऱ्याला कायद्याने त्यातून वगळलं आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. पाच लाखांपर्यंत फी नाही, तुम्ही राहता त्या भागाच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते आणि ई-जागृती पोर्टलवरून ती भरता येते. तपासणीची गरज नसलेलं प्रकरण तीन महिन्यांत संपवावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि ग्राहक थकून जातो, हे संतापजनक आहे. म्हणूनच सात दिवस संपले की आठव्या दिवशी तक्रार भरायला घ्या, मधे एकदा फोन करून बघू म्हणून थांबू नका.