फिक्स असतं हे माहीत आहे, तरी खेळतो कसा?

"मॅडम, तो स्वतःच म्हणतो की सगळ्या मॅच फिक्स असतात, अंपायर विकलेले असतात. मग पैसे लावतो कशाला? एवढं साधं डोक्यात कसं येत नाही?"

एस.टी.तून निवृत्त झालेले काका मुलाबद्दल विचारत होते. काकूंनी पिशवीतून जुन्या कॅलेंडरची दोन पानं काढून टेबलावर ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाचे किती देणे, ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. पाच लाख चाळीस हजार. त्यांना कळलं होतं तेवढे.

मी समुपदेशक आहे. आयपीएलच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. कधी बायको विचारते, कधी भाऊ. म्हणून या कुटुंबाला विचारून, नाव आणि ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

त्यांचा मुलगा निखिल, वय २६, सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला. आधी फँटसी अ‍ॅपवर टीम लावायचा. ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, तेव्हा काकांना वाटलं, सुटलो. पण तोवर निखिलने व्हॉट्सअ‍ॅपवरून बुकीची 'आयडी', म्हणजे सट्टा लावायचं खातं, घेतली होती. ती आधीही बेकायदाच होती, त्यामुळे तिला कायदा बदलल्याने काही फरक पडला नाही.

पहिल्या भेटीत त्याने माझीच परीक्षा घेतली. २०१३ सालचं स्पॉट फिक्सिंग प्रकरण त्याला पाठ होतं. राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू अटकेत, पुढे चेन्नई आणि राजस्थान दोन्ही संघ दोन वर्षं बाहेर. पंच असद रौफ यांच्यावर बीसीसीआयने २०१६ मध्ये घातलेली पाच वर्षांची बंदीही माहीत होती. रौफ यांनी आरोप नाकारले होते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

इथे मी चूक केली. मला वाटलं, खऱ्या प्रकरणांतूनच त्याला डाव समजावून सांगावा. मी जर्मनीचा फुटबॉल पंच रॉबर्ट होयझर याची गोष्ट सांगितली. २००४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन चषकाच्या सामन्यात हॅम्बुर्ग पाडरबोर्नविरुद्ध २-० ने पुढे होता. पंच होयझरने पाडरबोर्नला दोन संशयास्पद पेनल्टी दिल्या, हॅम्बुर्गच्या एका खेळाडूला बाहेर काढलं आणि सामना ४-२ असा फिरला. त्याला सट्टेबाजांकडून पैसे आणि एक टीव्ही मिळाला होता. प्रकरण फुटलं ते त्याच्याच सहकारी पंचांनी तक्रार केल्यावर. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा पंच टिम डोनाही याचंही सांगितलं. तो सामन्यांची टिप द्यायचा, बरोबर आलेल्या टिपेमागे त्याला आधी दोन हजार आणि नंतर पाच हजार डॉलर मिळायचे, आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली.

"आता या गोष्टीत तू कोण?" मी विचारलं. त्या दिवशी हॅम्बुर्गवर पैसे लावून बसलेला माणूस, हे उत्तर मला हवं होतं.

निखिल म्हणाला, "ज्याने टीव्ही दिला, तो."

पुढच्या भेटीला आला तेव्हा त्याने टेलिग्रामवरच्या एका 'फिक्स रिपोर्ट' वाल्याला, म्हणजे कोण जिंकणार याची आतली बातमी आहे असं सांगून टिप विकणाऱ्याला, पाच हजार भरले होते. अर्थात मी त्याला रिपोर्ट घ्यायला सांगितलं नव्हतं. पण सामना विकला जातो म्हणजे कुणाला तरी आधी माहीत असतं, आणि तो माणूस सापडला की झालं, ही आशा मीच जरा पक्की करून दिली होती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. फिक्सिंगवरचा विश्वास सट्टा सोडवत नाही, चालू ठेवतो. हरलो तर अंपायरने खाल्लं, म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता. आणि उद्या आतली बातमी मिळाली की सगळं वसूल. एकाच वाक्यात सबबही आहे आणि आशाही.

मग मी फिक्सिंगवर वाद घालणं बंद केलं. एक वही दिली. मागच्या महिन्याभरातल्या आठवतील त्या सगळ्या बेट लिही, आणि जिंकलास किंवा हरलास तर का, तेही लिही. तो क्वालिटीवाला, वही चोख भरून आणली. जिंकलेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर 'पिच वाचलं', 'फॉर्म पाहिला'. हरलेल्यांसमोर 'अंपायर', 'मुद्दाम नो-बॉल', 'आधीच ठरलेलं'. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी १९८३ मध्ये पैजा लावणाऱ्यांत हेच दाखवलं होतं. जिंकलं की लोक ते जसंच्या तसं घेतात, हरलं की त्याची चिरफाड करतात आणि शेवटी 'जवळजवळ जिंकलोच होतो' अशी समजूत करून घेतात.

मी कुठल्याच ओळीला खोटं म्हटलं नाही. एकच विचारलं, "तू जिंकलास त्या दिवशी अंपायर कुणाचा होता?" तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

एका ओळीवर मात्र आम्ही अडलो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही आली. दोन सामने, दोन पायचीत, टीव्हीवर चेंडू यष्टीला सारखाच चाटून जाताना दिसतो. एक बाद, एक नाबाद. "हे फिक्स नाही तर काय?" हा 'अंपायर्स कॉल'. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला, तर मैदानातल्या पंचाने जे दिलं तेच कायम राहतं. दोन्ही निर्णय नियमात बसतात. त्याला हा नियम माहीत होता. पैसे लावलेले असताना आठवत नव्हता, इतकंच.

रिपोर्टवाल्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. माझ्या ड्रॉवरमध्ये काड्यापेटी होती. चौसष्ट काड्या मोजून घेतल्या. ही चौसष्ट गिऱ्हाइकं. अर्ध्यांना सांगायचं मुंबई जिंकणार, अर्ध्यांना चेन्नई. जे हरले त्यांना ब्लॉक करायचं. उरले बत्तीस. परत तेच. सोळा, आठ, चार.

"चार मॅच बरोबर सांगितल्यावर या चौघांना तो देव वाटेल," मी म्हटलं. "यांच्याकडून पन्नास हजार मागितले तरी देतील."

निखिल बाजूला काढलेल्या साठ काड्यांकडे बघत होता. हळूच म्हणाला, "मला दोन चॅनलवाल्यांनी ब्लॉक केलंय." आणि पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला. सात लाख ऐंशी हजार.

त्या दिवशी मी त्याला थेट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. हा प्रश्न विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात असा लोकांचा समज आहे. तसं होत नाही. तो म्हणाला, दोनदा वाटलं होतं. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. झोपही पार उडालेली होती. रात्री-बेरात्री असं कुणाला वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

काका-काकूंशी वेगळं बोलले. काका पीएफच्या पैशातून एकदम सगळं फेडायला निघाले होते. मी थांबवलं. गुपचूप फेडलेलं कर्ज बहुतेकदा नवीन कर्जाला जागा करून देतं. सगळी देणी एका कागदावर, निखिलच्या हस्ताक्षरात, तिघांसमोर. पगार काकूंच्या खात्यात, त्याच्या हातात आठवड्याचा खर्च. यूपीआय बंद, आयडी बंद, बुकीचा नंबर त्याने स्वतः सगळ्यांसमोर ब्लॉक करायचा. हप्ते त्याच्या पगारातूनच जायचे, वेळ लागला तरी चालेल. आणि घरात 'मॅच फिक्स होती का' यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. हे काकांना सगळ्यात जड गेलं. टीव्हीसमोर बसून 'बघ, विकला गेला!' असं ओरडायची सवय त्यांनाही होतीच की.

मध्ये एकदा निखिल घसरला. मित्राच्या मोबाइलवरून तीन हजार. दुसऱ्या दिवशी स्वतःहून वहीत लिहिलं. कारणाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

गेल्या आठवड्यात रात्री दहाला काकांचा फोन आला. मागे टीव्हीचा आवाज.

"मॅडम, तो मॅच बघतोय. अंपायरला शिव्या देतोय. बंद करू का?"

"पैसे लावलेत?"

"नाही म्हणतो. मोबाइल माझ्याकडेच आहे."

"मग देऊ द्या शिव्या," मी म्हटलं.

काका जरा घुटमळले. "नाही, तसं... पायचीत स्पष्ट होता हो, मॅडम."