वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: एचआयव्हीच्या टेबलाकडे कोणी फिरकतच नाही

प्रश्न: मी बांधकाम साईटवर सेफ्टीचं काम बघतो. बहुतेक मजूर परप्रांतातले, घरदार सोडून आलेले. आम्ही आरोग्य कॅम्प लावला तर बीपी-शुगरला ही भलीमोठी लाईन आणि एचआयव्हीच्या टेबलावर सिस्टर दिवसभर रिकाम्या बसून. फुकट आहे म्हणून दहादा सांगितलं तरी कोणी येईना. ठेकेदार म्हणतो सगळ्यांना कंपल्सरी करून टाका. करू का?

उत्तर: अजिबात नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० ची शिफारस क्रमांक २०० आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की टेस्ट कामगाराच्या मर्जीनेच व्हायला हवी, नोकरीसाठी तिची अट घालायची नाही आणि रिझल्ट गुप्त ठेवायचा. आणि शिफारशीचं सोडा हो, सक्ती केलीत तर कॅम्पच्या आदल्या रात्री निम्मे लोक साईट सोडून जातील, मग ना टेस्ट ना उपचार.

लोकांना कळत नाही म्हणून ते येत नाहीत असं आपण धरून चालतो, पण तुमच्या कॅम्पचंच बघा ना. वेगळं टेबल, वर बोर्ड, समोर मुकादम उभा. त्या खुर्चीत जो बसेल त्याच्याबद्दल संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोलीत चर्चा, एका खोलीत दहा-दहा जण राहतात तिथे काय लपणार? रिझल्ट ठेकेदाराला कळला तर काम जाईल ही भीती तर असतेच, आणि ती उगाच नाही. आखाती देशांत वर्क व्हिसासाठी ही टेस्ट लागते आणि पॉझिटिव्ह निघाला की माणसाला परत पाठवतात, हे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यात टेस्टसाठी खाडा झाला तर रोज बुडतो, आणि "मला काय धाड भरलीये" हे आहेच.

तर वेगळं टेबल काढून टाका. सगळ्या तपासण्या एकाच पडद्यामागे, एकेकाला आत बोलवून, ड्युटी सुटल्यावर. शुगरसाठी बोट टोचतातच, तेव्हाच सिस्टरनी त्याच्या भाषेत विचारायचं, एचआयव्हीची पण करू का, आणि नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला. सुरुवातीलाच सांगा की रिझल्ट फक्त तुलाच कळणार, आणि तसंच वागा, म्हणजे यादी तुम्हीसुद्धा मागायची नाही. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह, म्हणजे एचआयव्ही असू शकतो असं दाखवणारी, आली म्हणजे लगेच पॉझिटिव्ह असं नसतं, पुढच्या टेस्ट करूनच पक्कं होतं, त्यासाठी कुठे पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा. आणि मुकादमाला त्या दिवशी दुसरीकडे कामाला लावा!

प्रश्न: आठ दिवसांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला. काल टेस्ट केली, निगेटिव्ह आली. आता सुट्टीत घरी बायकोकडे चाललोय, टेन्शन नाही ना?

उत्तर: आहे. आठ दिवसांत कुठलीच टेस्ट खात्री देत नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट (विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी भरवशाची, बोट टोचून करायची असेल तर ९० दिवस थांबावं लागतं. तोपर्यंत बायकोसोबत कंडोम वापराच, आणि मध्ये ताप, पुरळ, घसा दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना ही तारीखसुद्धा सांगा, नुसता ताप सांगून गोळ्या घेऊन येऊ नका. तुमच्या बाबतीत वेळ गेली, पण इतरांसाठी लिहितो, अशा संबंधानंतर ७२ तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या तर इन्फेक्शन टाळता येऊ शकतं.

प्रश्न: पॉझिटिव्ह आलो तर काम सोडावं लागेल का? आम्ही दर चार-सहा महिन्यांनी साईट बदलतो.

उत्तर: काम सोडायची गरज नाही. सोबत काम केल्याने, एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने हा पसरत नाही. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घेतल्या की बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सहा महिन्यांत इतका खाली येतो की तपासणीत दिसत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. गाडी अडते ती तुम्ही म्हणता तिथेच, साईट बदलताना. म्हणून निघायच्या आधी, गोळ्या जिथून घेता त्या सेंटरला सांगून ट्रान्सफरचा कागद आणि जास्तीच्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, आणि गोळ्या सामानाच्या बोचक्यात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा.