नवे सभासद: आधी काम, मग फॉर्म

आपल्या समाजसेवेच्या क्लबात यंदा पन्नास नवे सभासद करायचं ठरवलंयस, उत्साह छान आहे. पण आकडा तूर्त बाजूला ठेव.

सुरुवातीला बहुतेकांची चूक होते ती वर्गणी आधी मागण्याची. उलटं कर. माणसाला आधी कामाला बोलव. २०१९ च्या महापुरात सांगलीत जेवणाची पाकिटं बांधायला आलेली, कुठल्याच क्लबात नसलेली कितीतरी माणसं मी पाहिली. पाणी ओसरल्यावर त्यांना कुणी फोन केला नाही, आम्हीही नाही. ते अजून टोचतं.

नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात त्याचं स्वतःचं एक काम दे. रक्तदात्यांची वहीच घे ना: पुरुषांना ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, म्हणजे ओळख ठेवायला कारण आपोआप मिळतं. नुसती भाषणं ऐकायला बसवलेला माणूस तिसऱ्या सभेला दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी:
- सभा तासाभरात संपव, हारतुरे कमी कर.
- कुणी दोनदा आला नाही, तर ग्रुपवर विचारू नकोस. घरी जाऊन ये.

निधी, पुरस्कार वगैरे पुढच्या वर्षी बोलू. रविवारी कृष्णेच्या घाटावर सफाईला किती जण येतायत ते कळव, मी खराटा घेऊन येतो.