कालविषयक तर्कावर एआयमध्ये पीएचडी करायची आहे. लँग्वेज मॉडेलच्या काळात ॲलनची इंटरव्हल अल्जिब्रा, म्हणजे दोन कालखंडांमधल्या 'आधी', 'दरम्यान' अशा संबंधांचं गणित, शिकायची गरज आहे का?

आहे. पण सुरुवात तिथून करू नका. आधी डेक्टर, मेइरी आणि पर्ल यांचा १९९१चा 'सिंपल टेम्पोरल प्रॉब्लेम' (घटनांमधल्या कमीत कमी-जास्तीत जास्त अंतरांच्या अटी एकत्र पाळता येतात का, हा प्रश्न) कागद-पेन्सिलीने सोडवा.

समजा, यंत्र नऊनंतर १० ते २० मिनिटांत सुरू होतं आणि ३० ते ४० मिनिटं चालतं. तपासनीस नऊनंतर ६० ते ७० मिनिटांनी येतो, आणि यंत्र बंद होण्याच्या किमान १० मिनिटं आधी तो हजर हवा. वाचताना काही खटकत नाही. आता प्रत्येक घटनेचा एक नोड, म्हणजे आकृतीतला एक बिंदू, करा. 'जास्तीत जास्त' ही मर्यादा सरळ बाणावर लिहा, 'कमीत कमी' उलट्या बाणावर, ऋण चिन्ह लावून. नऊ ते सुरू २०, सुरू ते बंद ४०, बंद ते तपासनीस −१०, तपासनीस ते नऊ −६०. फेरीची बेरीज −१०. फेरी ऋण आली की वेळापत्रक अशक्य, वाद संपला. तपासनिसाला ५०व्या मिनिटापासून येता आलं तर बेरीज शून्य होते आणि एकच मार्ग उरतो: २०व्या मिनिटाला सुरू, ५०व्याला तपासनीस, ६०व्याला बंद. एका मिनिटाचीही ढील नाही.

नोड आणि बाणांच्या मोठ्या जाळ्यावर फ्लॉइड-वॉर्शल, म्हणजे प्रत्येक दोन नोडमधलं सर्वांत कमी अंतर काढणारी रीत, चालवा. अंतरांच्या तक्त्याच्या कर्णावर (नोडचं स्वतःपासूनचं अंतर) ऋण आकडा दिसला की जाळं विसंगत. बहुतेकांचं चुकतं ते 'कमीत कमी'च्या चिन्हात. दुसरी चूक दशांश अपूर्णांकांची: शून्य बेरीज किंचित ऋण होते आणि शक्य वेळापत्रक नाकारलं जातं. सेकंद पूर्णांकात ठेवा.

आता ॲलन, १९८३. दोन कालखंडांमधले मूळ संबंध १३, त्यांचे संच ८,१९२. कंपोझिशन टेबल म्हणजे अ-ब आणि ब-क यांच्या संबंधांवरून अ-क चे शक्य संबंध सांगणारा तक्ता; पाथ कन्सिस्टन्सी म्हणजे त्यावरून तीन-तीन कालखंड तपासून अशक्य पर्याय गाळणं. 'कंपोझिशन टेबल भरलं, पाथ कन्सिस्टन्सी चालवली, जाळं सुसंगत ठरलं' हे वाक्य प्रबंधात दिसलं की माझं डोकं फिरतं. ती चाचणी अपुरी आहे हे ॲलनच्या मूळ निबंधातच आहे, आणि पूर्ण अल्जिब्रासाठी हा प्रश्न एनपी-कठीण (सर्व उदाहरणांसाठी झटपट रीत माहीत नसलेला) असल्याचं व्हिलेन व काउत्झ यांनी १९८६ मध्येच दाखवलं. नेबेल आणि ब्युर्कर्ट यांच्या ओआरडी-हॉर्न वर्गातल्या ८६८ संबंधांपुरती ती पुरते. तुमचे संबंध त्यात आहेत का, ते आधी तपासा. एका यंत्रावरची दोन कामं, म्हणजे 'हे आधी किंवा ते आधी', त्यात बसत नाहीत. नेमकी हीच अट व्यवहारात सगळीकडे असते.

मॉडेलचं म्हणाल तर त्याला विचारा: अ हे ब च्या आधी, ब हे क च्या दरम्यान; तर अ आणि क यांचं काय? बरोबर उत्तर पाच शक्यतांचं आहे: आधी, लागून, ओव्हरलॅप, एकत्र सुरू होऊन आधी संपणं, दरम्यान. एकच पर्याय बरोबर धरणारी प्रश्नपत्रिका इथे मॉडेलला नव्हे, स्वतःलाच नापास करते. हे ओळखायला ॲलनचं टेबलच लागतं.

एक राहिलं. वरच्या हिशेबात सगळ्या वेळा आपल्या हातात आहेत असं धरलंय. यंत्र ३० मिनिटं घेईल की ४०, हे यंत्रच ठरवणार असेल तर जाळं नुसतं सुसंगत असून भागत नाही, नियंत्रणक्षमता तपासावी लागते: यंत्राने काहीही ठरवलं तरी वेळापत्रक पाळता येईल का? त्यासाठी एसटीएनयू (सिंपल टेम्पोरल नेटवर्क विथ अनसर्टन्टी) वाचा.